छोट्या गिटार अ‍ॅम्पवर पबमधला गिग कसा काढायचा

घरी प्रॅक्टिससाठी घेतलेला १५-२० वॅटचा अ‍ॅम्प पबमध्ये चालेल का, असं कोणी विचारलं की लगेच दोघं-तिघं सांगायला येतात, अरे १०० वॅटचा घे नाहीतर ड्रमरपुढे तुझं काही ऐकूच येणार नाही. माझं मत बरोबर उलटं आहे. आपल्याकडचा, म्हणजे पुण्या-मुंबईतला साधा पब डोळ्यासमोर आणा, साठ-सत्तर माणसं, दोन टेबलं सरकवून केलेलं 'स्टेज', भिंतीवर दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर आणि साउंडचं काम बघणारा एक दादा जो मधेच एसी पण बघतो. अशा जागेत मोठा अ‍ॅम्प नेला तर तो एक-दीडच्या वर उघडताच येत नाही, आणि त्या व्हॉल्यूमला त्याचा आवाज मेलेला असतो. छोटा अ‍ॅम्प मात्र मोकळा वाजतो. फक्त एक डोक्यात पक्कं ठेवा, अ‍ॅम्पचं काम तुम्हाला आणि बँडला ऐकवणं, पब्लिकला ऐकवायचं काम पीएचं, म्हणजे मिक्सर आणि त्याला जोडलेल्या भिंतीवरच्या स्पीकरचं. खालचं सगळं यातूनच निघतं.

मोठ्या अ‍ॅम्पचं खूळ आलं कुठून ते पण सांगतो. १९६०च्या दशकात पीएमधून जेमतेम गाणाऱ्याचा आवाज जायचा, गिटार हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तर अ‍ॅम्पनेच पोचवायची, म्हणून १९६५च्या आसपास लंडनमध्ये मार्शलने १०० वॅटवाले बनवले. आज समोर माइक लावून गिटार पीएत पाठवता येते, विषय संपला.

आधी पबला फोन करा

अ‍ॅम्प उचलायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या. पीए आहे का आणि मिक्सरवर गिटारसाठी एक चॅनल मोकळा आहे का (दोन माइक आणि लॅपटॉप एवढंच धरून घेतलेले मिक्सर पुष्कळ ठिकाणी असतात). फुल ड्रमकिट आहे का काहोन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका). स्टेजजवळ थ्री पिनचा पॉइंट आहे का, का बारच्या मागून वायर ओढायचीये. आणि जागा बंद आहे का गच्ची, गार्डन, शॅक. शेवटचा प्रश्न उगाच नाहीये. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो, सूट मिळते ती वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. त्यामुळे गोव्यात बीचवर किंवा पुण्यात रूफटॉपला सेट लवकर सुरू होतो आणि दहाला मॅनेजर घड्याळ दाखवत उभा राहतो. तिथे तर छोटा अ‍ॅम्प वरदानच आहे.

वॅटचा घोळ

वॅट डबल केले म्हणजे आवाज डबल होत नाही. १५ चे ३० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कळेल इतपतच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट लागते. म्हणजे १० वॅटच्या दुप्पट आवाज हवा तर १०० वॅट. हे एकदा समजलं की दुकानदाराच्या अर्ध्या गप्पा तिथेच गळतात.

खरा खेळ स्पीकरचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी असते, १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल येतात ती. एक स्पीकर ९४ चा आणि दुसरा १०० चा असला तर फरक ६ डेसिबलचा, म्हणजे चौपट पॉवरएवढा! १५ वॅटचा अ‍ॅम्प चांगल्या स्पीकरवर ६० वॅटसारखा ऐकू येतो, नवीन अ‍ॅम्प न घेता. म्हणून तुमचा अ‍ॅम्प ठीक आहे पण थोडा कमी पडतोय असं वाटत असेल तर आधी स्पीकर बदलून बघा, किंवा मागे स्पीकर आउट असेल तर १२ इंची वेगळी कॅबिनेट लावा. ओहम (मागे आणि स्पीकरवर लिहिलेला आकडा) जुळवायचे बरं का, ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पवर ८ लिहिलंय तर ८ च, आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. सॉलिड स्टेटला (ट्रान्झिस्टरवाल्याला) लिहिलेल्या ओहमपेक्षा खाली जायचं नाही एवढं पाळलं की पुरे.

कुठला चालतो, कुठला नाही

फुल ड्रमकिटबरोबर ट्यूबमध्ये १२ ते १५ वॅट आणि १० किंवा १२ इंची स्पीकर ही माझी खालची रेषा. फेंडर ब्लूज ज्युनिअर (१५ वॅट, १२ इंची, साधारण १४ किलो) किंवा वॉक्स एसी१५ म्हणजे या कामासाठीच बनलेत जणू. फेंडर चॅम्पसारखा ५ वॅटवाला माइक लावला तर सुंदर वाजतो पण क्लीन राहत नाही, जरा जोरात मारलं की फाटतो, ब्लूज वाजवत असाल तर तेच हवं असतं, बॉलिवूडचं क्लीन अर्पेजिओ वाजवायचं असेल तर नको.

सॉलिड स्टेट आणि मॉडेलिंगमध्ये (दुसऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्यांत) वॅट थोडे जास्त धरा, ४०-५०, कारण हे शेवटाला आले की गोड फाटत नाहीत, घाण फाटतात. बॉस कटाना ५० इकडे बऱ्याच जणांकडे दिसतो आणि उगाच नाही, पॉवर ०.५, २५ आणि ५० वॅटवर करता येते, म्हणजे घर आणि पब एकाच डब्यात. १० वॅटचे ६ इंची प्रॅक्टिस अ‍ॅम्प आणि टेबलावर ठेवायचे यामाहा टीएचआर सारखे स्टिरिओ अ‍ॅम्प ड्रमपुढे नका नेऊ. काहोन, एक गिटार आणि गाणारी व्यक्ती असा सेट असेल तर मात्र तेही चालतात. शॅकवर वीजच धड नसेल तर रोलंड क्यूब स्ट्रीट, सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात माइकपण जोडता येतो, फक्त ५ वॅटचा आहे एवढं लक्षात ठेवून वाजवायचं.

वीज, इथे घाई नको

कंटाळवाणा भाग आहे पण सगळ्यात महत्त्वाचा हाच. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि समोरचा माइक मिक्सरच्या अर्थिंगला. दोघांचे पॉइंट वेगवेगळ्या ठिकाणचे असतील आणि एकाचं अर्थिंग गेलेलं असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकवर गेले की झटका तुमच्यातून जातो. बारीक चुरचुर झाली तरी हसण्यावारी नेऊ नका.

पहिलं म्हणजे अ‍ॅम्प, पेडल आणि मिक्सर एकाच पॉइंटवरून घ्या, चांगला स्पाइक गार्ड आणि जाड वायरचं एक्स्टेन्शन स्वतःचं ठेवा, पबमधल्या एक्स्टेन्शनवर फ्रिज असतो. दुसरं म्हणजे शंभर-दोनशे रुपड्यांचा का होईना मल्टिमीटर बॅगेत टाका. एसी व्होल्टवर लावायचा, एक टोक तारांना, एक टोक माइकच्या जाळीला. जवळपास शून्य आलं पाहिजे. पन्नास-शंभर दिसले तर कुठलं तरी अर्थिंग तुटलंय, पॉइंट बदलायचा आणि परत मोजायचं, तोपर्यंत माइकजवळ जायचं नाही. गाणं सुरू व्हायला उशीर झाला तर होऊ दे. हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) घालवायला अर्थिंगची जाड पिन काढणारे महाभाग असतात, दादा कितीही कॉन्फिडन्सने म्हणाला 'काही होत नाही' तरी तसं करू द्यायचं नाही.

अजून एक. अमेरिकेतल्या मावसभावाने येताना अ‍ॅम्प आणला असेल तर मागची पाटी वाचा. तिकडचे पुष्कळ अ‍ॅम्प फक्त १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडे २३० आहे, पिन बदलून सरळ लावला की फ्यूज तरी जातो नाहीतर अ‍ॅम्प तरी. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो अ‍ॅम्पच्या आउटपुट वॅटवर नाही घ्यायचा, पाटीवर तो वीज किती ओढतो ते लिहिलेलं असतं त्याच्यापेक्षा वरचा घ्यायचा, कारण १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प वीज त्याच्या कितीतरी पट खातो.

अ‍ॅम्प ठेवायचा कुठे

नव्वद टक्के 'ऐकू येत नाही' च्या तक्रारी इथेच मिटतात. अ‍ॅम्प जमिनीवर, तुमच्या पायाशी, आणि तुमचे कान पाच फुटांवर. गिटार स्पीकरची ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखी सरळ समोर जाते, म्हणजे तुमच्या पोटऱ्यांना गिटार मस्त ऐकू येतेय आणि कानाला नुसता गदगदाट. मग तुम्ही ट्रेबल वाढवता, व्हॉल्यूम वाढवता, आणि समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या कानात सुई जाते.

तर अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, किंवा तिरका करणारा स्टँड घ्या, किंवा काहीच नसेल तर पुढच्या बाजूला खाली जाड पुस्तक किंवा लाकडाचा तुकडा सरकवून तोंड वर करा, सरळ कानाकडे. बिअरचा क्रेट उलटा करून त्यावर ठेवणं हा पबमधला सगळ्यात सोपा स्टँड, फुकटात मिळतो, पण खाली फडकं टाका नाहीतर प्लास्टिक थरथरतं.

जमीन, भिंत आणि कोपरा बेस वाढवतात. छोट्या अ‍ॅम्पला बेस कमी पडत असेल तर मुद्दाम भिंतीजवळ न्या, फुकटचा बेस आहे तो. जास्त घुमत असेल तर वर उचला, पुढे ओढा. अ‍ॅम्पची पाठ उघडी असेल तर मागूनही आवाज निघतो, भिंतीपासून फूट-दीड फूट लांब ठेवला तर मोकळा वाटतो. आणि अ‍ॅम्प शक्यतो तुमच्या मागे पण ड्रमरला ऐकू जाईल असा हवा, म्हणजे त्याला मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्यांना ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) गिटार वेगळी द्यावी लागत नाही. पबमध्ये मॉनिटर असेलच असं थोडीच आहे.

नॉब

घरी एकट्याने बसून जमवलेला आवाज पबमध्ये नेलात की गायब होतो. घरी आपण बेस भरपूर, मिड खाली, ट्रेबल वर असं करतो कारण एकट्याला ते भारी वाटतं. बँडमध्ये खालचा भाग बेस गिटार आणि किक ड्रमचा, वरचा भाग झांजांचा, गिटारला राहतो तो मधला. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झवर असते, तिथे बेसवाला आधीच बसलेला असतो, त्याच्याशी भांडण्यात छोट्या अ‍ॅम्पची सगळी पॉवर जाते.

म्हणून सुरुवात अशी करा: बेस ३ वर, मिड ७ वर, ट्रेबल ५ वर. एकट्याने वाजवताना नाकातून बोलल्यासारखं वाटेल, वाटू दे, बँड सुरू झाला की बरोबर बसतं. गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) घरच्यापेक्षा बराच कमी, कारण जोरात वाजलं की तेवढाच गेन जास्त वाटतो आणि जास्त गेन म्हणजे आवाज दाबला जातो, स्ट्रोकचा ठोका जातो. रिव्हर्ब जवळजवळ बंद, खोली स्वतःच देते. आणि बेस कमी केला की अ‍ॅम्प त्याच व्हॉल्यूमला कमी दमतो, म्हणजे क्लीन जास्त वेळ राहतो, हा फायदा वेगळाच.

पीएमध्ये कसं पाठवायचं

सगळ्यात चांगलं आणि साधं म्हणजे माइक. शूर एसएम५७ नाहीतर त्याच्यासारखा कुठलाही डायनॅमिक माइक, जाळीपासून दोन बोटं लांब. कुठे धरायचा त्यावर सगळं आहे, स्पीकरच्या बरोबर मध्यावर धरला तर टोचणारा आवाज, कडेकडे नेला तसा मऊ आणि जाडा. मधल्या गोल टोपीची कड जिथे संपते तिथून सुरू करा आणि इंच-इंच सरकवा. टॉर्च मारून जाळीतून स्पीकर नेमका कुठे आहे ते आधी बघून घ्या, दोन चिकटपट्टीचे तुकडे लावून जागा पक्की करा म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. माइक स्टँड कमी असतील तर सेन्हायझर ई६०९ सारखा चपटा माइक वायरने अ‍ॅम्पवरून खाली लोंबकळत सोडता येतो, स्टेजवर जागा नसते तेव्हा हे फार कामाला येतं. दादाकडे गाण्याचा एसएम५८ उरला असेल तर तोही चालतो, लाजू नका.

माइक नाहीच मिळाला तर लाइन आउट, म्हणजे अ‍ॅम्पमधून वायरीने सरळ मिक्सरला. पण तो 'स्पीकर सिम्युलेटेड' (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारा) आहे का बघा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं सोडत नाही, तो मधून काढून नुसता डिस्टॉर्शन सरळ पीएत घातला तर चिडलेल्या माशीसारखा आवाज येतो. सिम्युलेशन नसेल तर कॅब सिम्युलेशनवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) किंवा पेडल लागेल. स्पीकर आउटची वायर मिक्सरमध्ये कधीही, कधीही घालू नका, तिथे मिक्सर जळतो.

हेडफोन आउटवरून पाठवायचं असेल तर दोन भानगडी आहेत. एक, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये तिथे जॅक घातला की अ‍ॅम्पचा स्पीकर बंद होतो, मग स्टेजवर तुम्ही बहिरे. दुसरी फार जणांना माहीत नसते: हेडफोनचा जॅक स्टिरिओ असतो, तीच तीन कड्यांची वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो, दोन्हीत एकच गिटार असते, त्यामुळे उरतं जवळजवळ काहीच नाही. लोक म्हणतात वायर खराब आहे. वायर ठणठणीत असते! स्टिरिओतून दोन मोनो करणारी वाय वायर घ्या आणि त्यातली एकच बाजू लावा. त्या चॅनलचा फँटम पॉवर (मिक्सर माइकला वायरीतून देतो ती वीज) बंद आहे ना तेही दादाला विचारा.

लाइन लावल्यावर हम आला तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, ते त्याचसाठी असतं.

साउंडचेक

स्टेजवर उभं राहून पब्लिकला काय ऐकू येतंय ते कळत नाही. लूपर पेडल (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं) असेल तर आठ मात्रांचा रिदम भरा, ड्रमरला वाजवू द्या आणि स्वतः बारपाशी जाऊन ऐका. लूपर नसेल तर मित्राच्या हातात गिटार द्या.

क्रम असा ठेवा, आधी ड्रम, त्याला जुळेल एवढाच अ‍ॅम्प (पीएत गिटार बंद ठेवून), मग गाणं पीएत, आणि सगळ्यात शेवटी पीएमध्ये गिटार हळूहळू वर. उलटं केलंत, आधी पीएत गिटार चढवली, तर अ‍ॅम्प आणि पीए एकमेकांशी शर्यत लावतात. ड्रमर जोरात मारत असेल तर रॉड्सच्या काड्या (बारीक काड्यांची जुडी, आवाज कमी येतो) द्या किंवा स्नेअरवर रुमाल टाका, छोट्या खोलीत त्याला तेवढं सांगायचा तुमचा हक्क आहे. चिडला तर एक बिअर.

पब रिकामा असताना आवाज चकचकीत आणि घुमणारा वाटतो. माणसं भरली की कपडे आणि अंगं ट्रेबल खाऊन टाकतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यानंतर ट्रेबल किंवा प्रेझेन्स जरा वर करावा लागतो. व्हॉल्यूम नाही, ट्रेबल. व्हॉल्यूम वाढवायला दादा बसलाय.

सोलोला आवाज कसा काढायचा

छोटा अ‍ॅम्प आधीच फाटायच्या काठावर असेल तर पुढे बूस्ट पेडल दाबून आवाज वाढत नाही, फक्त जास्त फाटतं, कारण वर जायला जागाच उरलेली नसते. सोपा उपाय गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर आहे, रिदम ६-७ वर वाजवायचा आणि सोलोला १०. घरीच सवय लावा, करंगळीने. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (गेननंतर, पॉवर सेक्शनच्या आधी पेडल लावायची जागा) असेल तर बूस्ट लूपमध्ये लावा, तिथे तो खरोखर आवाज वाढवतो, पण पॉवर सेक्शनला जागा शिल्लक असेल तरच. ब्लूज ज्युनिअरला लूप नाही, तिथे मिड उचलणारा ओव्हरड्राइव्ह समोर लावायचा, गेन शून्याजवळ आणि लेव्हल वर, आवाज मोठा होत नाही पण बँडमधून पुढे येतो. आणि दादाला आधी खुणेचं सांगून ठेवा, सोलोला फेडर (मिक्सरवरची सरकपट्टी) थोडा वर. सांगून ठेवलं तरी विसरतो म्हणा.

खरखर आणि शिट्टी

गिटारला सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचं) पिकअप असेल तर पबमधले एलईडी, डिमर आणि बारवरचा निऑन बोर्ड गुरगुर आणतात. जागच्या जागी थोडं वळून बघा, एका दिशेला ती कमी होते, तिकडे तोंड करून वाजवा. फीडबॅकची शिट्टी आली की व्हॉल्यूमकडे धावायच्या आधी अ‍ॅम्प आणि गिटार यांच्यात अंतर वाढवा, गेन उतरवा. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारचा व्हॉल्यूम शून्य, बोलताना मागे भुणभुण नको.

बॅगेत काय

दोन जास्तीच्या गिटार वायरी (६ मीटरच्या पुरतात, त्याहून लांब साध्या वायरीत ट्रेबल जाते), पेडलच्या बॅटऱ्या, टॉर्च, गॅफर टेप, मल्टिमीटर, इअरप्लग. १०० डेसिबलला १५ मिनिटांच्या वर कान उघडे ठेवू नयेत असं अमेरिकेतली निऑश संस्था सांगते, आणि झांजेच्या शेजारी उभं राहून तेवढं सहज होतं. पावसाळ्यात अ‍ॅम्पवर मोठी प्लास्टिकची पिशवी, स्कूटरवर नेणार असाल तर दोन. एसी गाडीतून काढून दमट शॅकमध्ये नेला की आत बाष्प धरतं, अर्धा तास तसाच ठेवा मग चालू करा. सेट संपल्यावर ट्यूब अ‍ॅम्प लगेच उचलून डिकीत आपटायचा नाही, पैसे घेईपर्यंत गार होऊ द्या, तेवढा वेळ मॅनेजर लावतोच. आणि फ्यूज, पाटीवर जेवढ्या अँपिअरचा आणि ज्या टाइपचा लिहिलाय नेमका तोच, दोन तरी. रात्री साडेआठला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तो मिळत नाही, आणि त्या जागी चांदीचा कागद गुंडाळायचा सल्ला देणारा कोणीतरी बारवर बसलेला असतोच, त्याचं ऐकायचं नाही.